झाडावर कापूस का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. यंदा पुन्हा विचारलंत. रविवारी भक्ती सुटल्यावर चर्चच्या पायरीवर तिघांनी, शाळेत मधल्या सुट्टीत एकीनं, आणि पुण्याच्या चुलत वहिनीनं तर व्हिडिओ कॉलवर नाताळचं झाड बघता बघताच: "अगं, कापसाच्या गावचे तुम्ही. झाडसुद्धा पऱ्हाटीचं करता. मग त्यावर कापूस का नाही? आम्ही इथे विकत आणून लावतो!"

याला माझं एक ठरलेलं उत्तर होतं. नाताळचं झाड जर्मनीकडचं, विलायतेच्या राणीच्या घरातल्या झाडाचं चित्र १८४८ साली छापून आलं आणि मग ते सगळीकडे गेलं, मिशनरी मंडळींबरोबर आपल्याकडे आलं. बर्फ त्यांचा. दारव्हा तालुक्यातल्या उन्हात आपण बर्फाचं सोंग का आणायचं? बेथलेहेमात तरी कुठे बर्फ पडतो? हे मी मंडळीच्या वार्षिक अंकात लिहिलंही होतं. लोकांना आवडलं. पाळकसाहेबांनी वेदीवरून त्याचा उल्लेख केला, तेव्हा मी मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना तो विनय वाटला.

दोन वर्षांपूर्वी भाच्यानं ते उत्तर मोडीत काढलं. "आत्या, बेथलेहेम डोंगरावर आहे. साडेसातशे मीटरच्या वर. २०१३ च्या डिसेंबरात तिकडे एवढा बर्फ पडला होता की जेरुसलेमचे रस्ते बंद पडले." मोबाइलवर फोटोही दाखवले. खजुराच्या झावळ्यांवर बर्फ. तेव्हापासून मी ते उत्तर देत नाही. खरं तर ते कधीच खरं नव्हतं, फक्त ऐकायला बरं होतं.

बाकीचं तुम्हाला माहीतच आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. माझा नाताळ माहेरी आणि एकतीस तारीख सासरी, ही वाटणी लग्नाच्या वर्षीच झाली. झाड बाबा आणतात. वेचणी उलगत आलेल्या वावरातून एकच पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, चहूबाजूंनी फांद्या असलेलं, मुळासकट. तेलाच्या रिकाम्या पिप्यात माती भरून ती उभी करायची. चांदणी घरीच: बुरडाकडून आणलेल्या दहा कामट्या, पाच-पाचाच्या दोन चांदण्या, टोकं सुतळीनं एकमेकींना बांधायची आणि मधल्या पाच सांध्यांत बोटभर काड्या अडकवायच्या, म्हणजे पोट फुगतं. वरून पतंगी कागद. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, नाहीतर रात्रीतून झुरळं कागद खातात. हे आईचं खातं. मोरचूद घातलेल्या भांड्याला ती वर्षभर कोणाला हात लावू देत नाही.

गव्हाणीतल्या नंदीबद्दलही विचारता, तर तेही इथेच उरकते. हो, तो तान्ह्या पोळ्याचाच, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी आहे, चाकांचा. भावाच्या पोराचा. एका पाहुण्या उपदेशकांना तो खटकला होता, मूर्ती म्हणून. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, बैल नाही. बैल आणि गाढव लोकांनी यशयाच्या पहिल्या अध्यायातून आणून तिथे बांधले, आणि तो बैल कुठल्या जातीचा हे यशयानं लिहिलेलं नाही. आमच्या घरी चाकांचा आहे. पुढे.

२०१७.

सन सांगितल्यावर यवतमाळच्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पण पुण्याची वहिनी वाचेल, म्हणून सांगते. त्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. ही अळी बारीक असतानाच बोंडात शिरते आणि तिचं भोक मागे बुजून जातं. बाहेरून बोंड साजरं, हिरवंगार, टणक. फोडलं की आत सरकी, म्हणजे बी, खाल्लेली आणि रुई, म्हणजे सरकीभोवतीचा धागा, पिवळी पडून चिकटलेली. अशा कापसाला कवडी म्हणतात. आमच्या सहा एकरांत एकरी आठ क्विंटलची आशा होती, अडीचवर आटोपलं. जो आला त्यातही कवडी बरीच. व्यापारी मूठ भरून बघायचा आणि काही न बोलता परत टाकायचा.

मी वीस तारखेला मुलीला घेऊन गेले. ती तेव्हा आठ वर्षांची. पुढच्या खोलीत नेहमीसारखा कापसाचा ढीग होता, पण छताला टेकणारा नाही, कमरेएवढा. पोरांनी हिरवी बोंडं सोनेरी रंगवून झाडाला टांगली होती. दुसऱ्या दिवशी पिप्याखाली अंथरलेल्या पांढऱ्या चादरीवर अळ्या. गुलाबी, बारक्या, वळवळणाऱ्या. मुलगी किंचाळली. त्या रात्री तिच्या हातापायांना खाजही सुटली. त्या वर्षी कापूस भरलेल्या बऱ्याच घरांत लोक खाजवत होते.

तेवीस तारखेला मी दारव्ह्याला गेले आणि मेडिकलमधून कापसाचा बंडल आणला. निळ्या कागदात गुंडाळलेला, अर्धा किलो, एकशे तीस रुपये.

खाजेमुळे आणला, असं मी पुढे कित्येक वर्षं म्हणत आले. खाज खरी होती. पण खाजेसाठी कोणी कापूस आणतं का? मलम आणतात, आणि तेही आणलं होतंच. कापूस आणला कारण मला झाड पांढरं हवं होतं. शाळेतल्या बायकांना फोटो पाठवायचे होते. ढिगातला कापूस मी झाडाला लावून बघितला होता आणि तो जखमेवरच्या जुन्या पट्टीसारखा दिसत होता. हे लिहिताना बोट अडखळतंय. पण तसाच दिसत होता.

बाबा ओसरीवर बसले होते. बंडल माझ्या पिशवीतून डोकावत होता.

"हे काय आणलं वं?"

"कापूस."

त्यांनी हात पुढे केला. मी दिला. निळा कागद त्यांनी न फाडता अलगद उलगडला, एक बुचका काढला, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून ताणला, पुन्हा जुळवला, पुन्हा ताणला. बाजारात धागा बघतात तसा.

"आखूड धाग्याचा हाय. गिरणीत सूत काढून उरते ना, तो." मग, "कितीचा?"

मी किंमत सांगितली. खोटी सांगता आली असती. ते मनातल्या मनात हिशेब करताना ओठ हलवतात.

"अर्धा किलो रुई म्हणजे दीड किलो कापूस. चांगल्याले क्विंटलमागं बेचाळीसशे भाव. त्रेसष्ट रुपयाचा झाला. त्यातून सरकी वेगळीच." थोडं थांबून, "आन हा तं उरलासुरला."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. किंवा म्हणायला हवं होतं की चुकलं, परत करते. मी म्हटलं, "बाबा, हा स्वच्छ असतो. आपल्या कापसाला डाग आहेत."

"हो," ते म्हणाले. "डाग तं आहेत."

ते चिडले असते तर मी भांडले असते. मला भांडता येतं. घरात एवढी वेचणी चाललेली असताना तुम्ही मला पदवीला घातलंत, आता माझ्या मुलीला एक झाड धड नको का, असलं काहीतरी तोंडावर तयारही होतं. पण ते उठले, आत गेले, झाडापाशी मांडी घालून बसले आणि कापूस लावू लागले. तो विकतचा. आम्ही नुसते गोळे चिकटवायचो. त्यांनी एकेक बुचका पिंजून, जवळजवळ पारदर्शक करून फांदीवर पसरला. खालच्या फांद्यांना जास्त, वर विरळ. तासभर लागला असेल. मुलगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती आणि "आबाजी, इथे अजून" म्हणत होती. आईनं दोनदा चहाला हाक मारली. आमच्या घरी इतकं सुरेख झाड त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. फोटो अजून आहेत. मी ते कोणाला पाठवले नाहीत.

चोवीसच्या रात्री गाणी म्हणणारी मंडळी आली. पेटी, ढोलकी, मागे पोट्टेसोट्टे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एक भजन झालं, मग पोरांची हिंदी गाणी. मी करंज्यांचं ताट फिरवत होते. मंडळीतल्या एका म्हाताऱ्या काकांनी झाडाजवळ जाऊन हात लावला. त्यांचंही वावर त्या वर्षी गेलंच होतं.

"वा! तुमचा कापूस साजरा निघाला हो. एक डाग नाई."

सगळे बाबांकडे बघायला लागले. म्हणजे मला तसं वाटलं. कदाचित कोणीच बघत नसेल.

"हो," बाबा म्हणाले. "देवाची कृपा."

मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले. आईला वाटलं करंज्या संपल्या. तिनं ताट पुन्हा भरून दिलं आणि मी पुन्हा बाहेर आले. एवढंच झालं.

आता तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? माझा नवराही तेच म्हणतो. पोरीच्या हौसेला एकशे तीस रुपये खर्च केलेस, म्हाताऱ्यानं पाहुण्यांसमोर घराची लाज राखली, विषय संपला. त्याचं बरोबर असेलही. दुष्काळ-नापिकीच्या वर्षी लोकांच्या घरांत याहून भयंकर घडलं. मी तुलना करत नाहीये. आमच्याकडे कर्जही बाहेरचं नव्हतं, सोसायटीचंच होतं, आणि माझा पगार होता. मला फक्त एवढंच कळत नाही की बाबा खोटं कोणासाठी बोलले. त्या काकांसाठी, देवासाठी, की ताट घेऊन उभ्या असलेल्या माझ्यासाठी?

२०१८ पासून झाडावर कापूस नाही. त्याजागी रिकामी बोंडं असतात. कापूस वेचून घेतला की बोंडाच्या चार-पाच पाकळ्या वाळून ताठ उघड्या राहतात. त्यांना चांदीचा रंग दिला की आयत्या चांदण्या. कल्पना मुलीची. या चांदण्यांचं तुम्ही सगळे कौतुक करता आणि लगेच विचारता, मग कापूस का नाही.

भावाचं कारण वेगळंच आहे. तो म्हणतो, अळी सरकीत दबा धरून बसते, वावरातली पऱ्हाटी डिसेंबरअखेर उपटून टाका, फरदड, म्हणजे वेचणीनंतर तीच झाडं राखून पुन्हा घेतलेलं पीक, घेऊ नका असं कृषी विभागवाले दरवर्षी सांगतात, आणि आपण झाड म्हणून ती घरात उभी करतो तेच चूक आहे. त्याचं चाललं तर तो पुढच्या वर्षी निंबाची फांदी आणील. बोलतो मात्र दरवर्षी, आणि पिप्यात माती तोच भरतो.

आणि कापूस का नाही हे विचारणाऱ्यांत बाबाही आहेत, हे तुम्हाला माहीत नसेल. ते आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मागच्या आठवड्यात मी बोंडं रंगवत बसले होते. ते मूठभर कापूस घेऊन आले. यंदाचा, पांढरा, कोरडा. माझ्यासमोर ठेवला.

"थोडासा लाव ना वं. कायले उघडं ठेवतं झाड दरसाल?"

ते विसरले आहेत की विसरले नाहीत, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळेना. मी म्हटलं, "नको बाबा. पोरीला खाज सुटते."

पोरगी आता अकरावीत आहे. बाजूलाच बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं.

"मंग राहू दे," बाबा म्हणाले आणि कापूस उचलून परत ढिगावर टाकायला गेले.