आजींची पेनी

क्विडचं अनेकवचन करायचं नाही, ही ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशीची पहिली सूचना. फाइव्ह क्विड, फिफ्टी क्विड. आकड्यापुढे क्विड्स म्हणालात की पलीकडच्याला लगेच कळतं, हा फोन लांबून कुठून तरी आलाय. मग ट्रेनरने फळा भरला. फायव्हर म्हणजे पाच पौंडांची नोट, टेनर दहाची, ग्रँड म्हणजे हजार, स्किंट म्हणजे ज्याच्या खिशात खडकू नाही तो. आपल्याकडे पेटी-खोका म्हणतात तसं लंडनमध्ये 25 पौंडांना पोनी आणि 500 ना मंकी. ब्रिटिश सोल्जरांनी हा शब्द हिंदुस्थानातून नेला, इथल्या पाचशेच्या नोटेवर माकड होतं, असंही त्याने ठोकून दिलं. तशी नोट कधी निघालीच नव्हती, पण आम्ही तेही वहीत लिहून घेतलं.

2007 चा जानेवारी. मी इचलकरंजीचा, मराठी माध्यमाचा, पुण्यातल्या एका कॉल सेंटरमध्ये नवा. ब्रिटिश क्रेडिट कार्डांची थकबाकी वसूल करायची. वसुली म्हटलं की लोकांना दारात उभे राहणारे दांडगे आठवतात. आमचं काम गोड आवाजातलं. दुपारी दीड ते रात्री साडेदहा, म्हणजे तिकडचे सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. फ्लोअरवर माझा तिसरा आठवडा होता.

रात्री आठच्या सुमाराला डायलरचा बीप वाजला आणि स्क्रीनवर ब्रॅडफर्डचं खातं उघडलं. बाकी 640 पौंड, तीन हप्ते चुकलेले. जन्मतारीख विचारली, पोस्टकोड विचारला, कॉल रेकॉर्ड होतोय हे सांगितलं. आजी 1930 च्या. आवाज खणखणीत, उच्चार मात्र ट्रेनिंगच्या सीडीवर एकदाही न ऐकलेला.

हप्ता कधी भरणार, या प्रश्नावर म्हणाल्या, ‘‘आयव्ह नो ब्रास, लव्ह.’’

ब्रास म्हणजे पितळ, एवढंच मला ठाऊक. भांडी मोडीत घालायचं म्हणतायत की काय? यॉर्कशरमध्ये पैशाला पितळ म्हणतात हे फळ्यावर नव्हतं. मी पुढचा प्रश्न टाकला, कार्डावर काय घेतलं होतं? कुकर. चारशे पौंडांचा कुकर ऐकून मी गप्पच झालो. आमच्या घरी कुकर म्हणजे तीन शिट्ट्या. त्यांचा कुकर म्हणजे शेगडी आणि ओव्हन मिळून अख्खं धूड, हे पुढे कळलं.

मग त्या म्हणाल्या, ‘‘आय अ‍ॅम रॉबिंग पीटर टू पे पॉल.’’

इथे मात्र मी सावध झालो. तिसऱ्या माणसाच्या पैशातून भरणा होत असेल तर त्याचं पूर्ण नाव घ्यायचं, असा नियम होता. मी अदबीने विचारलं, ‘‘पीटर यांचं आडनाव सांगाल का?’’

पलीकडे शांतता. मी म्यूट दाबून शेजारच्या नागपूरकराला विचारलं. तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, ‘‘अबे, इकडची टोपी तिकडे.’’ आईशप्पथ, पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये इतका सोपा अर्थ कुणी सांगितला नव्हता.

म्यूट काढला तोवर आजी पुढे गेल्या होत्या. मीटरमध्ये घालायला लागतात, थंडी फार आहे, आणि मग, ‘‘आय अ‍ॅम ऑन द इमर्जन्सी सिन्स लास्ट नाइट.’’ माझ्या डोक्यात आधी पुण्याच्या रिक्षाचं मीटर आलं, मग इमर्जन्सी म्हणताच अँब्युलन्स. हात वर करून टीएलला, म्हणजे टीम लीडरला, बोलावलं.

तिने वाय-जॅक, म्हणजे एकाच कॉलला दुसरा हेडसेट जोडायचा फाटा, लावला, अर्धा मिनिट ऐकलं आणि माझ्या पॅडवर लिहिलं: ‘प्रीपेड मीटर. पैसे संपले. उधारीवर.’

नंतर तिने नीट समजावलं. तिकडे बऱ्याच घरांत विजेचं आणि गॅसचं मीटर मोबाइलसारखं आधी पैसे भरून चालतं. दुकानात जायचं, किल्ली किंवा कार्ड रिचार्ज करायचं, घरी येऊन मीटरला लावायचं. शिल्लक संपली की मीटर थोडी उधारी देतं, तिला इमर्जन्सी म्हणायचं. तीही संपली की अंधार. आमच्याकडे बिल थकलं तरी वायरमनला चहा पाजून चार दिवस काढता येतात. मीटरला चहा पाजता येत नाही. जुन्या काळी त्या मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकत, म्हणून आजही मीटरला ‘खायला घालतात’.

खरी गोष्ट अशी की आजींनी तोवर ‘माझ्याकडे पैसे नाहीत, थंडी वाजतेय’ असं सरळ वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. फार तर ‘अ बिट टाइट’. मी ते ऐकून सिस्टीममध्ये ‘पुढच्या आठवड्यात भरतील’ असा कोड टाकायला निघालो होतो. आणि हे मला कळू नये? माझे वडील मागाचा धंदा पार बसला तेव्हाही फोनवर ‘जरा ओढाताण आहे’ इतकंच म्हणायचे. ‘जरा’चं वजन किती, ते आईच्या आवाजावरून ठरवायचं. इथे आई नव्हती.

टीएलने खूण केली, हार्डशिपचा, म्हणजे पैशाच्या अडचणीत असलेल्यांचा, फॉर्म. उत्पन्न किती, खर्च किती, आठवड्याच्या हिशेबाने. पेन्शन, भाडं, किराणा, दूध, मांजराचं खाणं, मीटर. आपण ज्याला तोंडमिळवणी म्हणतो तिलाच ते दोन टोकं जुळवणं म्हणतात. आजींची टोकं आठवड्याला तीन पौंडांनी लांब राहत होती. नवरा असताना हिशेब तो ठेवायचा. त्या गिरणीत होत्या, लोकरीच्या. मागांमुळे एका कानाने कमी ऐकू येतं म्हणाल्या. माझ्या वडिलांचाही डावा कान गेलाय, पण ते बोलायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

अशा खात्याला महिन्याला एक पौंड नावापुरता घ्यायचा आणि व्याज थांबवायचं, अशी सोय होती. ते मी सांगायला लागलो आणि मध्येच आजी म्हणाल्या, ‘‘सॉरी लव्ह, आय मस्ट स्पेंड अ पेनी.’’

मी म्हणालो, ‘‘मॅडम, एक पेनी घेता येणार नाही. कमीत कमी एक पौंड भरावा लागेल.’’

त्या हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला. टीएल टेबलावर डोकं टेकून थरथरत होती. तिकडच्या सार्वजनिक संडासांच्या दारांना नाण्यावर उघडणारी कुलपं असायची; पेनी टाकली की दार उघडे. म्हणून पेनी खर्च करायला जायचं. म्हणजे आपल्या शाळेतलं ‘बाई, एकीला जाऊ?’ पेनी म्हणजे अक्षरशः एकी! 1971 पूर्वी पौंडाच्या 240 पेन्या होत्या, फेब्रुवारी 1971 मध्ये शंभर झाल्या. आपले आणे 1957 मध्येच हिशेबातून गेले, तरी आपण अजून ‘सोळा आणे खरं’ म्हणतोच. बोलण्यातलं नाणं लवकर बाद होत नाही.

आजी फोन टेबलावर ठेवून गेल्या. नियमाने मी पुन्हा फोन करतो म्हणून लाइन सोडायला हवी होती. नाही सोडली. घड्याळ ऐकू येत होतं. लांब कुठेतरी दार वाजलं, मग काठीचा टक-टक, मध्ये थांबून पुन्हा टक-टक. मांजर फोनजवळ येऊन घुरघुरलं असावं. माझ्या स्क्रीनवर कॉलची वेळ लाल झाली. सात मिनिटं. टीएलने पाहिलं, वाय-जॅक काढला आणि दुसऱ्या टेबलाकडे निघून गेली.

‘‘आहेस का रे बाळा अजून?’’ अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या बोलीत आलं. आहे म्हणालो. एक पौंड ठरला, दर महिन्याच्या पाच तारखेला. कर्जाबद्दल फुकट सल्ला देणाऱ्या सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसचा नंबर दिला. त्यांनी तो दोनदा वाचून दाखवला.

क्वालिटीवाल्यांनी नेमका तोच कॉल ऐकायला काढला. ‘डेड एअर: सात मिनिटं’, म्हणजे लाइनवर कुणीच बोललं नाही, मार्क शून्य. शिवाय खात्याच्या नोंदीत मी घाईत टाइप केलेलं ‘कस्टमर ऑफर्स वन पेनी’ तसंच राहिलं होतं. एकदा सेव्ह केलेली नोंद खोडता येत नव्हती, खाली दुरुस्ती जोडावी लागायची. ती काय शब्दांत लिहायची यावर टीएलने आणि मी पंधरा मिनिटं घालवली. शेवटी लिहिलं, ‘वरील पेनी भरण्याची नव्हती.’

पाच फेब्रुवारीला मी ते खातं मुद्दाम उघडून पाहिलं. जमा, एक पौंड एक पेनी.