कोन मरना रे?

आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, गावी गेलो की माझं एकच काम असतं, दुपारचं ओट्यावर पडून राहणं. अमळनेरच्या बाजूला आमचं गाव, ऊन असं की कुत्रंही सावली सोडत नाही, त्यात पोटात खापरावरचे मांडे नि आमरस, मग हलायचं कोणी? तिकडे पारावर गडीमाणसं पत्ते कुटत बसलेली (आखाजीला पत्त्यांना सगळं माफ, तेवढ्यापुरतं घरचेही काही बोलत नाहीत) आणि इकडे निंबाला बांधलेला झोका.

तर असाच पडलेलो आणि मोबाईलवर फाडो लावलेला. फाडो म्हणजे लिस्बनकडचं गाणं, पोर्तुगालचं. काळी शाल घेतलेली एक बाई, सोबत बारा तारांची त्यांची ती गोलसर गिटार, आणि गाण्यात समुद्र, विरह, गेलेल्याची आठवण. २०११ मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून यादीत घेतलंय त्याला. मोठी माय शेजारी सुपारी कातरत होती. दुसरी ओळ सुरू झाली नाही तोच अडकित्ता थांबला.

"कोन मरना रे?"

आता हिला मराठी वाचता येत नाही, हिंदी सिरीयलपुरती, पोर्तुगीज तर लांबच. तरी कोणीतरी गेलंय एवढं कळलं. नंतर शोधलं तर यावर लोकांनी रीतसर अभ्यास केलेत. कॅमेरूनच्या डोंगरात माफा नावाचे लोक आहेत, ज्यांनी कधी पाश्चात्य संगीत ऐकलं नव्हतं अशांना पियानोचे तुकडे ऐकवले तर आनंदी कुठला, दुःखी कुठला, भीतीचा कुठला हे त्यांनी बऱ्यापैकी ओळखलं, हा अभ्यास २००९ चा. त्याआधी १९९९ मध्ये उलटंही झालेलं, पाश्चात्य श्रोत्यांना आपले राग ऐकवले. आनंद, दुःख, राग (म्हणजे संताप हो) ओळखला, शांत रसाला मात्र अडखळले. मला हे फार पटलं, शांत तर आमच्या घरातही कोणाला ओळखता येत नाही, गप्प बसलं की विचारतात काय झालं.

कारण तसं साधंच वाटतं. दुःखात माणूस हळू बोलतो, आवाज खाली येतो, मध्येच तुटतो, आणि गाणंही तेच करतं. त्याला भाषा लागत नाही.

पण मग माझा रूममेट आठवला. केरळचा आहे, पुण्यात एकत्र राहायचो. त्याला मी एकदा आमच्या आखाजीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग ऐकवलं, गल्लीतल्या बायका, मागे टाळ्या, मध्येच कोणीतरी पोराला हाका मारतंय, असलं. पठ्ठ्या मांडीवर ठेका धरून डोलायला लागला, म्हणाला भारी आहे, लग्नात वाजवता का हे? मी काय सांगणार, त्या गाण्यात सासरी अडकलेली पोरगी भावाची वाट बघतेय, सगळ्या जणी माहेरी आल्या, हिचा मुराळी काही येत नाही.

चूक त्याची नव्हती. ते गाणं झोक्यावरचं आहे, आणि झोका काही तुमच्या दुःखासाठी हळू होत नाही. तो त्याच्या लयीत जाणार-येणार, शब्दांनी त्याच्यामागे पळायचं. जात्यावरच्या ओवीचंही तेच, लय जात्याची, म्हणजे दाण्याची नि मनगटाची, बाईला रडू आलं तरी पीठ पडायला पाहिजे. आमच्या आसोद्याच्या बहिणाबाईंनी जे रचलं तेही असंच, शेतात नि घरात हात कामात असताना. पियानो वाजवणाऱ्याच्या हाताला दुसरं काम नसतं, तो दुःखी झाला तर हळू वाजवू शकतो, आमच्या बायकांना ती सोय नव्हती. मग दुःख गेलं कुठे? शब्दात गेलं, आणि ओळीच्या शेवटी जो एक हेल असतो ना, तिथे जाऊन बसलं. तो हेल माझ्या रूममेटला ऐकूच आला नाही, मलाही लहानपणी येत नव्हता, मी तर त्या गाण्यांवर नाचायचो.

आणि बेसूर-सुरेल हेसुद्धा सवयीचंच असावं. बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने लोक आहेत, २०१६ च्या एका अभ्यासात त्यांना गोड वाटणारे आणि कानाला टोचणारे असे दोन्ही स्वरमेळ ऐकवले तर त्यांना दोन्ही सारखेच आवडले. आमच्याकडच्या लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट ऐकून मोठं झालेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

तर त्या दुपारी मी फाडो बंद केला, म्हटलं सणाच्या दिवशी कशाला. बाहेर झोक्यावर चुलतबहिणी ओरडून गात होत्या, त्यातली एक पहिल्यांदाच सासरहून आलेली. मोठी मायने थोडं ऐकलं, सुपारी तोंडात टाकली, आणि मोबाईलकडे मान केली.

"ती रडनारी बाई लाव ना परत."

लावली. डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं तिने, मला वाटलं झोपली.

"तिनं माहेर कोठे शे रे?"

मी म्हटलं, लिस्बन. समुद्राच्या काठी.

"दूर शे का?"