तुम्ही विचारलंत म्हणून: सेलच्या घड्याळात एवढं काय आहे?

माझ्या हातातलं घड्याळ चावीचंही नाही आणि ऑटोमॅटिकही नाही, सेलवर चालतं, हे कळलं की जुन्या घड्याळांचे शौकीन नाक मुरडतात. "अहो, मग जपण्यासारखं यात काय आहे?" प्रश्न रास्त आहे. फुटपाथवरचं घड्याळही सेलवरच चालतं आणि वेळही बरोबर दाखवतं.

याचं उत्तर मागचं झाकण उघडल्यावर मिळतं. आत इटा या स्विस कंपनीचं ९५५.११२ नावाचं मशीन आहे, ऐंशीच्या दशकातल्या घराण्यातलं. जाडी जेमतेम अडीच मिलिमीटर, सोनेरी पत्रे, बारीक स्क्रू, आणि ७ ज्वेल, म्हणजे चक्रांच्या आसाची टोकं ज्यात फिरतात ते माणकाचे कडक खडे. सेलच्या मशीनला ज्वेल कशाला, असं मलाही वाटायचं. पण चक्रांच्या आसाची टोकं फिरतातच, आणि फिरतात तिथे झिजतात. स्वस्त मशीनमध्ये त्यांची फिकीर कोणी करत नाही, कारण ते उघडायचंच नसतं. बिघडलं की काढून फेकायचं.

माझं घड्याळ मी घेतलं तेव्हा बंद होतं. आतला सेल कधीचा फुटून त्याचा हिरवा थर पट्टीवर चढलेला. पहिल्या दुकानात पाच सेकंदांत निकाल लागला: "मशीन बदलून टाका." दुसरीकडे एक म्हातारे घड्याळजी होते. त्यांनी डोळ्याला आयग्लास लावली, लाकडी काडीला टोक काढलं आणि तो थर कणाकणाने खरवडला. मग मीटरच्या दोन सुया कॉइलला टेकवल्या. केसापेक्षा बारीक तांब्याची तार, ती तुटली असती तर खेळ खलास. मीटरचा काटा हलला. "जिवंत आहे," एवढंच बोलले. नंतर चक्रं सुटी करून धुतली, टोकांना तेलाचा एकेक ठिपका दिला. चावीच्या घड्याळाची करतात तशीच सर्व्हिस.

आता बाकीची गंमत. आतली क्वार्ट्झ स्फटिकाची चिमटी सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरते. हा आकडा उगाच नाही. त्याचे निम्मे करत जा, बरोबर पंधराव्या वेळी १ उरतो. सर्किट दुसरं काही करत नाही, निम्म्याचं निम्मं काढत बसतं, आणि उरलेल्या त्या एका ठोक्यावर काटा एक पाऊल टाकतो. मला हे हिशेबाचं काम लंबकाइतकंच देखणं वाटतं. पटत नसेल तर राहू द्या.

स्विस लोकांना हे उशिरा सुचलं असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेलला १९६२ मध्ये कंपन्यांनी मिळून संशोधन केंद्र काढलं, १९६७ मध्ये मनगटी क्वार्ट्झ घड्याळाचे नमुने तयारही होते. पण बाजारात पहिलं आलं ते जपानचं, सायकोचं अ‍ॅस्ट्रॉन, २५ डिसेंबर १९६९ रोजी. स्विसांचं बीटा २१ हे मशीन आलं १९७० मध्ये. त्यात कंपनं सेकंदाला ८,१९२, आणि काटा टिकटिक न करता अखंड सरकत जायचा. मशीन मात्र जाडजूड आणि महाग. ओमेगा, पाटेक, रोलेक्स सगळ्यांनी वापरलं, तरी एकूण बनली सहा हजारांच्या आसपास. पुढे रोलेक्सने १९७७ मध्ये स्वतःचं ऑयस्टरक्वार्ट्झ काढलं, त्याला ११ ज्वेल. पिढ्यान् पिढ्या चावीची घड्याळं बनवलेल्या हातांना सवय सुटत नव्हती. इलेक्ट्रॉनिक्स आलं तरी ते आपले ज्वेल बसवत होते, स्क्रू लावत होते. मला भुरळ पडते ती या हट्टाची. ऑयस्टरक्वार्ट्झ माझ्या खिशाबाहेरचं आहे, म्हणून ९५५. तुम्ही हसलात तरी चालेल, पण स्वस्तात इतकं प्रामाणिक काम दुसरीकडे मिळत नाही.

एक खोड सांगायची राहिली. परवा सकाळी सौ. म्हणाली, "तुमचं लाडकं लंगडतंय." सेकंदकाटा चार सेकंद गप्प उभा राहायचा आणि एकदम चार घरं उडी मारायचा. वेळ मात्र जराही चुकत नव्हती. बिघाड नाही तो, सेल संपत आल्याची खूण आहे. त्या म्हाताऱ्यांनीच सांगितलं होतं. ३७१ नंबरचा सेल आणायला आज संध्याकाळी जायचं आहे. बसवायला अर्थात त्यांच्याकडेच.