तुम्ही विचारलंत म्हणून: फोन उचलता आला नाही तर काय ऐकवायचं?

"तुमचा आवाज छान आहे, आमच्या दुकानासाठी एक मेसेज रेकॉर्ड करून द्या ना. फोन उचलता आला नाही की तो वाजेल. काय बोलायचं ते तुम्हीच बघा." रेकॉर्डिंगची कामं करते म्हणून ब्लाउज शिवणाऱ्या ताईंपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत सगळे मला हे म्हणतात. "तुम्हीच बघा" इथेच गाडी अडते. कारण काय बोलायचं हे तुमच्या गिऱ्हाइकाला ठाऊक असतं, मला नाही.

म्हणून मी आधी वही घ्यायला लावते. आठवडाभर येणारा प्रत्येक फोन कशासाठी होता, एवढंच एका ओळीत लिहायचं. शिवणकामात बहुतेक फोन "झाला का हो?" एवढ्यासाठीच असतात. मंगल कार्यालयात आधी तारीख, मग भाडं, मग जेवण बाहेरून आणलेलं चालेल का. दवाखान्यात "डॉक्टर आहेत का आत्ता?" ज्या प्रश्नासाठी सगळ्यात जास्त फोन येतात, त्याचं उत्तर मेसेजात हवं. बाकीचं नसलं तरी चालतं.

लोक मला लिहून पाठवतात ते मात्र असं असतं: "नमस्कार, गेली पंचवीस वर्षे ग्राहकांच्या अखंड सेवेत असलेल्या आमच्या दालनात आपले सहर्ष स्वागत. आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे." अहो, महत्त्वाचा होता तर उचलला का नाही? ज्याचा ब्लाउज उद्याच्या साखरपुड्याला हवाय, तो "अखंड" शब्दापर्यंतसुद्धा थांबत नाही. २०२० मध्ये रिंग वाजायच्या आधी करोनाचा खोकला ऐकून आपण सगळेच कसे वैतागलो होतो, आठवतं? माहिती कामाची होती, पण दर फोनला तीच. तुमचं नेहमीचं गिऱ्हाईकही तुमचा मेसेज दर वेळी ऐकणार आहे.

शिवणकामाच्या दुकानासाठी मी साधारण असं लिहीन:

"नमस्कार, अमुक लेडीज टेलर्स. मी आत्ता मशीनवर आहे. कपडे झाले का ते विचारायचं असेल तर याच नंबरवर पावतीचा फोटो व्हॉट्सॲप करा, संध्याकाळी सातपर्यंत उत्तर देते. माप द्यायला सोमवार सोडून रोज सकाळी अकरा ते दीड."

नाव आधी, कारण फोन बरोबर लागलाय का हे पहिल्यांदा कळायला हवं. मग लगेच उत्तर, आणि आता काय करायचं ते. "लवकरच संपर्क करू" मी कुणालाच बोलू देत नाही. सात म्हणजे सात. जमणार नसेल तर "उद्या दुपारपर्यंत" म्हणा, लोकांना ते चालतं. सात म्हणून दहा वाजवलेले चालत नाहीत.

"बीपनंतर आपला निरोप ठेवा" हेही आपल्याकडे फुकट जातं. २००३ पर्यंत मोबाइलवर आलेल्या फोनचेही पैसे पडायचे, आणि त्यानंतरही करणाऱ्याचे पैसे वाचवायला आपण मिस्ड कॉल देत राहिलो. यंत्राशी बोलायची सवय आपल्याला लागलीच नाही. बीप ऐकली की माणूस फोन ठेवतो आणि पुढच्या दुकानाला लावतो. न्यू जर्सीत डबे देणाऱ्या मराठी बाईंचं वेगळं. तिथली गिऱ्हाइकं निरोप ठेवतात, त्यामुळे तिथे "नाव, डबे किती आणि कुठल्या दिवशी, एवढं सांगा" असं मुद्दाम म्हणावं.

आपल्याकडे निरोपाचं खरं काम व्हॉट्सॲप बिझनेस हे धंद्यासाठीचं वेगळं ॲप करतं. त्यात आपोआप जाणारे दोन मेसेज असतात. स्वागताचा मेसेज पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला किंवा १४ दिवस गप्प राहून पुन्हा लिहिणाऱ्याला जातो. दुसरा तुम्ही नसताना जाणारा, त्याची वेळ ठरवून ठेवता येते. फक्त तुमच्या फोनचं नेट चालू हवं. दोन्हींत एकच मजकूर चिकटवू नका, आणि "शुभ दीपावली" नाताळापर्यंत ठेवू नका.

फोन दुसऱ्या नंबरवर वळवायचा असेल तर मोबाइलच्या सेटिंगमधून वळवा. कुणी फोनवरून "हा कोड दाबा" म्हणालं तर दाबू नका. *४०१# पासून सुरू होणारा कोड दाबायला लावून, लोकांचे कॉल भामट्यांच्या नंबरवर वळवून ओटीपी चोरायचे प्रकार इतके झाले, की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून कॉल वळवायची सोयच बंद करायला सांगितली.

आकडे बोलताना मराठी बाणा थोडा बाजूला ठेवा. फोन नंबरात "एकोणसत्तर, एकोणऐंशी" आले की तरुण पोरं गडबडतात. एकेक अंक सुटा, सावकाश आणि दोनदा. वेळेला मात्र साडेपाच, दीड, पावणेदहा बिनधास्त म्हणा.

आणि आवाज? माझ्या पोटावर पाय येतो, पण एकट्याचा धंदा असेल तर स्वतःचाच लावा. गिऱ्हाइकाला तुमचा आवाज ओळखीचा असतो. माझा ऐकला की त्याला कुठल्याशा बँकेला फोन लागल्यासारखं वाटतं. पंखा बंद करा, कुकर उतरवा, उभं राहून बोला. मग दुसऱ्या फोनवरून, भर रस्त्यात उभं राहून तो मेसेज एकदा ऐका. वेळ नीट ऐकू आली नाही, तर पुन्हा रेकॉर्ड करा.