नॉर्डिक अपडेट: दोन चिऱ्यांवर पूर्ण रेप निघाला!

निघाला एकदाचा! नॉर्डिक म्हणजे घोटे अडकवून गुडघ्यांवर उभं राहायचं आणि शरीर सरळ ठेवून पुढे झुकत जायचं; एकदा खाली जाऊन परत वर आलं की एक रेप. दोन चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांच्या) उतारावर फळी टेकवली आणि गुडघे पूर्ण सरळ होईपर्यंत खाली, आणि हात न लावता परत वर. कंबर कुठेही वाकली नाही, व्हिडिओ तीनदा बघून खात्री केली. पावसाळा सुरू झाल्यापासून मी या एका रेपच्या मागे आहे.

मागच्या पोस्टमध्ये लिहिलं होतं की माझं सगळं सामान म्हणजे एकूण वीस किलोच्या प्लेट्स, दोन दांडे, एक रबरी बँड आणि दाराचा बार. छाती, पाठ, खांदे यांना तेवढं पुरतं. मांडीच्या पुढच्या भागाला बल्गेरियन स्प्लिट स्क्वॉट आणि बैठका आहेत. हॅमस्ट्रिंगचं, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंचं, मात्र अडलं होतं. वीस किलोचा आरडीएल (रोमानियन डेडलिफ्ट, वजन हातात धरून नितंबातून पुढे झुकणं) आता कितीही हळू केला तरी आधी पकड सुटते, मग कंबर भरते, मांडीमागे काहीच लागत नाही. एका पायावर केला तर तोल सांभाळण्यातच सेट संपतो. व्यायामाचे संशोधक ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून जे दाखवलं ते आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे: हलक्या वजनाने थकेपर्यंत केलं तरी स्नायू जवळपास तेवढाच वाढतो, पण कमाल ताकद जड वजनानेच जास्त वाढते. मला ताकद हवी आहे. म्हणून नॉर्डिक.

पहिली अडचण पाय कशात अडकवायचे ही. शरीर आडवं होत जातं तसे घोटे वर उचलले जातात, आणि शेवटी तो ओढा माणसाच्या स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त होतो. आमचा फणसाच्या लाकडाचा जुना पलंग जड आहे, तरी त्याचं एक टोक उचललं जायला लागलं आणि आईने लगेच सांगितलं, "पलंगाला हात लावायचा नाही." ऑनलाइन मिळणारा, जमिनीला चिकटणारा व्हॅक्यूमवाला बार आमच्या लाल सिमेंटच्या जमिनीवर धरतच नाही. गुळगुळीत टाइल नसेल तर तो घेऊ नका. शेवटी उसगावला ट्रकच्या सामानाच्या दुकानातून माल बांधायचा रॅचेट पट्टा आणला आणि घोटे थेट फळीलाच आवळले. फिटनेसच्या नावाने विकतात त्या पट्ट्यांपेक्षा हा स्वस्त आणि कितीतरी दणकट. घोट्यावर गोणपाटाची चौपदरी घडी घ्या, नाहीतर वळ उठतात.

फळी म्हणजे एकोणीस मिलिमीटरचं मरीन प्लाय, तीन फूट लांब, दीड फूट रुंद. साधं प्लाय आमच्या गोव्यातल्या साखळी गावच्या पावसात फुगतं. शरीर पूर्ण पसरल्यावर फळीची शेपटी उचलली जाते, म्हणून पायांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोच्या प्लेट्स ठेवल्या. त्यांना दर आठवड्याला खोबरेल चोळतो. इथल्या हवेत बिडाला गंज चढायला वेळ लागत नाही.

आता खरं दुखणं. सपाट जमिनीवर मी अर्ध्यापर्यंत ठाकठीक जायचो आणि मग धाडकन खाली. नुसतं हळू करून ते सुटेना, कारण आडवं होताना भार वाढत जातो आणि गुडघा सरळ व्हायच्या जवळ येतो तिथेच स्नायूची पकड कमी पडते. बँडची मदत घेऊन पाहिली. खिडकीच्या गजाला बांधून छातीखालून घेतला, पण किती मदत मिळते ते मोजता येत नाही. पाकिटावर छापलेल्या पौंडांना अर्थ नाही, बँड किती ताणला यावर सगळं ठरतं. गुडघे चार बोटं पुढे सरकले की कालचा रेप आणि आजचा रेप वेगळा.

मग चिरे. मावसभावाच्या कुंपणाचे उरलेले होते. फळीचं गुडघ्याकडचं टोक चिऱ्यावर टेकवलं की नडगी तिरपी होते, आणि शरीर आडवं व्हायच्या आधीच गुडघा सरळ होतो. हिशेब असा: गुडघा सरळ व्हायला तीस अंश उरलेत तिथे सपाट जमिनीवर पूर्ण भाराच्या (शरीर आडवं असतानाच्या) ८७ टक्के भार असतो. सात इंचांचा एक चिरा ठेवला की उतार अकरा अंश आणि त्याच जागी भार ७५ टक्के. दोन चिरे म्हणजे तेवीस अंश, ६० टक्के. म्हणजे जिथे मी कोसळत होतो नेमकं तिथेच ओझं उतरतं. आणि ते मोजता येतं! फोनमधलं लेव्हल (उतार मोजणारं ॲप) फळीवर ठेवा, आकडा वहीत लिहा. प्लेट्स कमी असणाऱ्यांना यापेक्षा चांगली पायरी मला तरी दिसलेली नाही.

पथ्य एकच: कंबर मोडायची नाही. ढुंगण मागे गेलं की भार कमी होतो आणि उतार मोजण्याला अर्थ उरत नाही. सेट कमी ठेवा. खाली जाताना स्नायू ताणला जाऊन काम करतो, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं.

ठरवलं होतं की आता सरळ एका चिऱ्यावर यायचं, पण ६० वरून ७५ ही उडी मोठी आहे. हे लिहिता लिहिताच सुचलं: चिरा आडवा ठेवला तर सात इंच, कडेवर उभा केला तर नऊ! आत्ताच जाऊन ठेवून पाहिला, लेव्हल साडेचौदा दाखवतं. भार ७१ टक्क्यांच्या आसपास. आणि दोन चिऱ्यांपासून तिथवर यायला प्लायचे उरलेले तुकडे आहेत, एकेक तुकडा वर टाकला की साधारण सव्वा अंशाचा फरक पडतो.

त्यामुळे बेत बदलला. नऊ इंचांच्या कडेवर तुकडे रचून सुरुवात करायची, तीन स्वच्छ रेप्स निघाले की एक तुकडा काढायचा. गणपतीच्या चवथीपर्यंत नुसत्या कडेवर पोचायचं आहे. बरोबरीने आरडीएल हलकाच चालू ठेवतो, कारण नॉर्डिकमध्ये हॅमस्ट्रिंगचं नितंबाकडचं काम होत नाही.

कुणी चिऱ्याऐवजी दुसरं काही वापरत असेल तर उतार किती अंश ते नक्की लिहा, इंच नकोत. फळीची लांबी प्रत्येकाची वेगळी असते.