तुम्ही विचारलंत म्हणून: हो, अंगावरच पाजलं

"आईच्या दुधात प्लॅस्टिक सापडतं हे वाचूनसुद्धा तू अंगावर कसं काय पाजलंस गं?" इतक्या जणींनी विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकते.

बातमी मी वाचली होती. इटलीत 34 आयांचं दूध तपासलं आणि 26 जणींच्या दुधात मायक्रोप्लॅस्टिक, म्हणजे प्लॅस्टिकचे अगदी बारीक कण, निघाले, 2022 ची. लेक तेव्हा सात आठवड्यांची, रात्रीचे दोन वाजलेले, ती मांडीवर आणि मोबाइल दुसऱ्या हातात. अर्धवट वाचूनच उठले, फ्रिजमधून 120 मिली काढून ठेवलेलं दूध घेतलं आणि सिंकमध्ये ओतलं. पाऊण तास पंप लावून जमवलेलं. वर चढलेला पिवळसर थर बाटलीच्या कडेला चिकटून राहिला होता, तो मी बोटाने निपटून काढला, नळ सोडला, आणि रडत रडत पावडरचं दूध करायला घेतलं. कडकडीत पाणी थेट प्लॅस्टिकच्या बाटलीत, त्यात पावडर, झाकण लावून गदागदा हलवलं, नळाखाली गार करून पाजलं. पोरीला वाचवलं असं वाटलं मला त्या रात्री, खरंच वाटलं.

नंतर कळलं की 2020 मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लॅस्टिकच्या, बाळांच्या दुधाच्या बाटल्या नेमक्या अशाच तपासल्या होत्या, गरम पाणी घालून, हलवून. लिटरमागे 1 कोटी 60 लाखांपर्यंत कण, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. आणि इटलीवाल्यांनी स्वतःच सांगितलं होतं की अंगावर पाजणं थांबवू नका, फायदा जास्त आहे. तिथपर्यंत मी वाचलंच नव्हतं.

म्हणून परत अंगावर घेतलं, वरच्या दुधासाठी काचेची बाटली आणली. पण त्या रात्रीच्या मला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बीपीए हे प्लॅस्टिकमधलं रसायन काही तासांत लघवीवाटे निघून जातं हे मी तिला सांगू शकते, पण ती विचारेल पीएफएएसचं (नॉनस्टिक भांड्यांत, वॉटरप्रूफ कपड्यांत वापरतात त्या रसायनांचं) काय, ते तर वर्षानुवर्षं रक्तात राहतं आणि दुधातून बाळात उतरतं. तिचं बरोबरच आहे की.

राग येतो तो हा प्रश्न फक्त आईलाच विचारतात याचा. स्वीडनमध्ये आयांच्या दुधातलं डीडीटी (कीटकनाशक), पीसीबी (कारखान्यांत वापरली जाणारी रसायनं) 1970 च्या दशकापासून उतरत गेलं ते बंदी आली म्हणून, बायकांनी पाजणं सोडलं म्हणून नव्हे. युरोपने 2011 मध्ये बाळांच्या बाटल्यांतलं बीपीए बंद केलं, तेही कायद्यानेच. माझ्या सिंकपाशी यातलं काय होणार होतं?

लेक दीड वर्षाची होईपर्यंत प्यायली. तिचं रक्त पीएफएएससाठी तपासून घ्यावं का, हे महिन्यातून एकदा तरी मनात येतंच. अजून घेतलेलं नाही.