फॉल-पिकोवाली काकी पंच झाली: माझ्या कोकणातल्या मर्डर मिस्टरीचा दुसरा ड्राफ्ट

मंडळी, दुसरा ड्राफ्ट अर्ध्याच्या पुढे सरकलाय. तेवीस प्रकरणांपैकी चौदा परत लिहून झाली, शब्द ४१ हजारांच्या आसपास, आणि अडीच महिने ज्या गाठीपाशी अडकून बसले होते ती सुटली म्हणून आज एवढं सविस्तर लिहितेय. खुनी कोण ते सांगणार नाही, पण बाकी बरंच सांगणारे, तेव्हा ज्यांना पुस्तक कोरं वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. सिंधुदुर्गातलं खाडीकाठचं एक छोटं गाव, नाव मी बनवलेलं. जत्रेची रात्र, देवळासमोर दशावतार (आमच्याकडचं रात्रभर चालणारं लोकनाट्य) चाललाय, आणि पहाटे नाटक संपतानाच्या दहीकाल्याच्या वेळी कळतं की गावातल्या माई विहिरीत सापडल्या. माई सोनं गहाण ठेवून पैसे द्यायच्या, अर्ध्या गावाचे दागिने त्यांच्या ट्रंकेत, त्यामुळे रडणारे कमी आणि सुटकेचा श्वास टाकणारे जास्त. शोध घेणारी आहे सुनंदाकाकी, बाजारपेठेत फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान आहे तिचं. माझ्या आईने कुडाळात बावीस वर्षं हेच काम केलं, त्या दुकानात बसून मी गृहपाठ केलाय, त्यामुळे मला पक्कं माहितीय की गावातली प्रत्येक गोष्ट आधी त्या मशीनपाशी येते आणि मग बाजारात जाते. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाची मोडली सोयरीक, कोण अचानक तीन साड्यांना फॉल लावून मागतंय, सगळं.

आता गाठ काय होती ते. कोझी मिस्टरीत, म्हणजे छोट्या गावात घडणाऱ्या, रक्तपात फारसा न दाखवणाऱ्या रहस्यकथेत, शोध घेणारी व्यक्ती हौशी हवी, पोलीस नको, पण मग तिला प्रेत बघायला कसं मिळणार? पहिल्या ड्राफ्टमध्ये काकी गर्दीतून वाकून बघते असं केलं होतं आणि ते वाचताना मलाच पटेना, कारण विहिरीभोवती पन्नास माणसं असताना एका बाईला कोण पुढे सोडेल. मग तिला पोलीस पाटील करून बघितलं, तीन प्रकरणं तशी लिहिलीसुद्धा. पण पोलीस पाटील १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याखाली रीतसर नेमलेला असतो, मानधन मिळतं, घडलेलं पोलीस ठाण्याला कळवणं हे त्याचं कामच असतं. म्हणजे ती हौशी राहतच नाही, आणि गाव तिच्याशी मोकळेपणाने बोलणंही बंद होतं. ती तीन प्रकरणं काढून टाकली.

उत्तर मिळालं ते कायद्यातच. अकस्मात मृत्यू झाला की पोलीस जागेवर येऊन मरणोत्तर पंचनामा करतात, आणि तो आसपासच्या दोन किंवा जास्त प्रतिष्ठित रहिवाशांसमोर करायचा असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तेच १९४. पंच! आपल्याकडे साध्या माणसाला कायद्यानेच प्रेताजवळ उभं केलं जातं, काय काय दिसतं ते त्याच्यासमोर लिहिलं जातं आणि त्याची सही घेतली जाते. मयत बाई असली की हवालदार गावात बाई पंच शोधत फिरतो, बायका घाबरून दारं लावून घेतात कारण पुढे कोर्टात साक्षीला जावं लागेल अशी भीती असते, आणि काकी मात्र हातातली कात्री ठेवून "चला" म्हणते. हे सुचलं त्या रात्री मी अकराला लिहायला बसले ते अडीचला उठले, अख्खं तिसरं प्रकरण एका बैठकीत झालं. इंग्लंडच्या खेड्यांतल्या गोष्टींमध्ये शोध घेणाऱ्या आज्जीबाईंना पाद्रीबुवांची नाहीतर इन्स्पेक्टरची ओळख काढावी लागते, आपल्याला ती गरजच नाही, आपला दरवाजा आधीपासून उघडा आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी हा पंच भरपूर वापरावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

काळाबद्दल. गोष्ट आता डिसेंबर १९९६ मध्ये नेलीय. मोबाईल नको होते हे एक कारण आहेच, पीसीओच्या बूथबाहेर रांगेत उभं राहून ऐकलेलं अर्धवट बोलणं मला हवं होतं. पण खरं कारण कोकण रेल्वे. कॉर्पोरेशन १९९० मध्ये झालं, पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ला सुरू झाला, मधली सगळी वर्षं जमिनी संपादन होतायत, मोबदला येतोय, सातबाऱ्यावर चुलत्या-पुतण्यांची सतरा नावं आहेत आणि पैसा कोणाच्या हातात पडणार यावरून घरोघरी अबोला आहे. माईंकडे गहाण काय काय होतं या प्रश्नाला त्या काळात वेगळीच धार येते. शिवाय ९६ सालच्या दूरक्षेत्रात, म्हणजे छोट्या पोलीस चौकीत, दोनच हवालदार, महिला कॉन्स्टेबल तालुक्याहून येईपर्यंत दुपार होणार, त्यामुळे सकाळच्या पंचनाम्याला बाईमाणसाची नजर फक्त काकीचीच. हे मला फार महत्त्वाचं होतं कारण पुढचा धागा बाईलाच दिसणारा आहे.

तो धागा म्हणजे फॉल. माई पाण्यात पडल्यावर त्यांची साडी कोणीतरी बदललीय, आणि बदलणाऱ्याने ती वरची खाली नेसवलीय. फॉल खालच्या काठाला आतून असतो, निऱ्यांना वजन यावं म्हणून, तो कमरेला गेलाय. काकीने तो आठच दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने लावलेला, त्यामुळे पायाशी काठ नुसता लोंबताना बघून तिचा हात आपोआप कमरेकडे जातो.

कागदावर हे झकास वाटलं पण खरंच असं होईल का हे बघायला आईला डोंबिवलीला बोलावलं आणि रविवारी दुपारभर तिची जुनी साडी घेऊन आम्ही प्रयोग केले, वहिनीला गादीवर आडवं झोपवून, खोलीचे पडदे लावून. दोन प्रकार निघाले. साडी गोल फिरवून उलटी घेतली तर पदराचं टोक आधी कमरेत खोचलं जातं आणि फॉल खांद्याकडे येतो, ते उजेडात कोणालाही दिसेल, हवालदारालाही. पण साडी पालथी घेतली, म्हणजे आतली बाजू बाहेर आणि खालचा काठ वर, तर सुरुवातीचं टोक बरोबर जागेवर राहतं, पदरही खांद्यावर येतो आणि फॉल कमरेला अर्धा खोचला जातो. प्रिंटची साडी असेल तर उलटी बाजू कळते, एकरंगी आणि ओली असेल तर नाही कळत. म्हणून माईंची साडी आता एकरंगी हिरवी, बारीक काठाची. आणखी एक, आई म्हणाली त्या वयाच्या बायका तेव्हा लुगडं नेसत असतील, लुगड्याला कुठला फॉल? म्हणून माईंचं वय सत्तरवरून पंचावन्नवर आणलं आणि त्यांना गोल साडी दिली. त्याने त्यांच्या नवऱ्याचं जुनं प्रकरण परत जुळवावं लागलं, चार दिवस गेले, पण त्या बाई आता मला जास्त खऱ्या वाटतात.

आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते पुढे आहे. गावाचा संशय कोणावर? दशावतारातल्या स्त्रीपात्र करणाऱ्या नटावर, कारण त्याचं माईंशी सगळ्यांदेखत भांडण झालेलं आणि त्याचा प्रवेश नसताना तो तासभर कोणाला दिसलेला नाही. दशावतारात बायकांची कामं परंपरेने पुरुषच करतात, मेकअप आपला आपण, साडी आपली आपण, बऱ्याचदा पेटाऱ्यापाशी मिणमिणत्या उजेडात. हा माणूस जत्रांच्या दिवसांत रोज रात्री साडी नेसतो. डोळे बांधले तरी तो फॉल वर घेणार नाही. म्हणजे ज्या गोष्टीमुळे गाव त्याच्याकडे बोट दाखवतं, तीच गोष्ट त्याला सोडवते. मला हा माणूस लिहिताना फार जपावंसं वाटतं, लहानपणी जत्रेत थंडीत गोधडी पांघरून मी ही नाटकं बघितलीत, संहिता नसताना तासन्‌तास संवाद बोलणारी ती माणसं दिवसा कोणाच्या बागेत कामाला जायची, आणि त्यांच्यातल्या एकाला माझ्या पुस्तकात विनाकारण बदनाम होऊन जाऊ द्यायचं नव्हतं.

भरतीचं गणित चुकलं होतं ते दुरुस्त केलं. एक पात्र सांगतं की मी रात्री तीनला खाडी पायी उतरून घरी गेलो. पहिल्या ड्राफ्टमध्ये ते खरं धरलं होतं. देवगडच्या आतेभावाने वाचलं आणि पहिलाच प्रश्न, "तिथी कुठली?" जत्रा चतुर्थीची. तो म्हणाला तिथीची पाऊणपट कर, चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती, नऊला ओहोटी. किनाऱ्यावरची जुनी रीत आहे ही, मिनिटाला मिनिट जुळत नाही, खाडीत आत पाणी जरा उशिरा चढतं, पण तीनला त्या खाडीत कमरेच्या वर पाणी असणार आणि कोणी पायी उतरणार नाही. मध्यरात्रीनंतर पंचमी लागली असं धरलं तरी फरक पाऊण तासाचाच. मग ते वाक्य तसंच ठेवलं, फक्त आता ते खोटं आहे, आणि काकी भिंतीवरचं कालनिर्णय बघून तोंडी हिशेब करते. ते कॅलेंडर १९७३ मध्ये सुरू करणारे जयंत साळगावकर मूळ मालवणचेच, त्यामुळे काकीच्या दुकानात ते टांगलेलं असणं मला आतून बरोबर वाटतं.

यातच आणखी एक सापडलं. जत्रा मी कार्तिक वद्य चतुर्थीला ठेवली होती. वद्य चतुर्थीला चंद्र रात्री उगवतो आणि पहाटेपर्यंत डोक्यावर असतो, लख्ख चांदणं, मग अंधारात साडी उलटी कशी नेसवली जाईल? म्हणून जत्रा मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थीला नेली. चंद्र लवकर मावळतो, तीनला मिट्ट काळोख, आणि भरतीचा हिशेब दोन्ही पंधरवड्यांत सारखाच, त्यामुळे तो हलला नाही. जत्रेतले खाजे आणि खटखटे लाडू जागच्या जागी राहिले.

विहिरीचं थोडक्यात. विहीर जांभ्यात खोदलेली, तिथली माती लाल. माईंच्या नखांत मात्र काळा चिखल, खाडीचा, त्याचा वास वेगळा येतो. काकीला हे पंचनाम्यातच दिसतं, हवालदार "नखांत माती" एवढंच लिहून घेतो. खूप पुढे मुंबईतल्या कालिन्याच्या न्यायवैद्यक लॅबचा रिपोर्ट येतो, डायटमचा. हे पाण्यातलं सूक्ष्म शैवाल, कवच काचेसारखं, बुडताना श्वास चालू असेल तर ते फुप्फुसातून रक्तात आणि हाडांच्या मगजापर्यंत जाऊ शकतं, आणि गोड्या पाण्यातलं वेगळं, मचूळ पाण्यातलं वेगळं. पण रिपोर्ट आला तेव्हा काकीला सगळं कळून चुकलेलं असतं, तो फक्त कोर्टासाठी. वाचकाला जे लागतं ते सगळं तिसऱ्या प्रकरणात उघड्यावर ठेवलंय, फॉल, चिखल, तिथी, काहीही लपवलेलं नाही, हा नियम मी शेवटपर्यंत पाळणारे.

भाषेचं अजून चाचपडतेय. संवाद पूर्ण मालवणीत लिहिले तर नागपूरच्या वाचक मैत्रिणीला दर पानाला फोन करावा लागतो, सगळे प्रमाण मराठीत लिहिले तर गाव मरतं. सध्या असं करतेय की काकीशी बोलताना माणसं मालवणी बोलतात, "माका काय म्हायत नाय गो वयनी," आणि हवालदारासमोर तीच माणसं जपून शाळेतली मराठी बोलायला जातात. त्यातून एक फायदा झाला, कोण कधी भाषा बदलतं यावरून कोण काय लपवतंय ते काकीला कळायला लागलं. हे मी ठरवून केलं नव्हतं, लिहिता लिहिता आलं.

पुढचं पंधरावं प्रकरण अवघड आहे. काकीला फॉलची गोष्ट हवालदाराला सांगायचीय, आणि पंचनाम्यावर तर तिने सही केलीय ज्यात फक्त "अंगावर हिरवी साडी" असं लिहिलंय. सही करताना ती गप्प का राहिली याचं कारण माझ्याकडे आहे पण ते अजून नीट वाक्यात उतरत नाही. त्या नटाच्या आईच्या चार साड्या त्या दिवशी दुकानात फॉलसाठी पडलेल्या होत्या, इतकं लिहून झालंय. येत्या रविवारी आई परत येतेय, तिला ते पान वाचून दाखवणार आणि विचारणार की तू त्या जागी असतीस तर कधी बोलली असतीस.